अमावास्येचे उधाण

कार्यशाळेचा दुसरा दिवस संपत आला होता. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील लांबलचक टेबलांवर चहाचे कागदी पेले, दिवसभर हाताळलेली भिंगे आणि वायरींचे गुंते तसेच पडले होते. प्रमाणपत्रे वाटून झाली होती, फलकासमोर उभे राहून सर्वांचे एकत्र छायाचित्र काढून झाले होते आणि ठाणे, कळवा, मुंब्रा, वागळे इस्टेट अशा ठिकठिकाणच्या शाळांतून आलेले चाळीसेक शिक्षक लोकलच्या वेळा एकमेकांना विचारत जिन्याकडे निघाले होते. एक सर मात्र मागे रेंगाळले. खांद्याला कापडी पिशवी, हातात गुंडाळलेले प्रमाणपत्र. दोन दिवस ते शेवटून दुसऱ्या टेबलाशी बसून सगळे लिहून घेत होते, एकदाही बोलले नव्हते. जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. विषय भूगोलाचा आहे, म्हणून मघाशी सगळ्यांसमोर विचारलं नाही. आमच्या सातवीतला एक मुलगा म्हणतो, पौर्णिमेला मोठी भरती येते ते समजलं, चंद्र पूर्ण असतो. पण अमावास्येला तर चंद्र नसतोच. मग तेवढंच उधाण कसं येतं?"

मी लगेच खडू घेतला. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची तीन वर्तुळे काढली, बाण काढले, गुरुत्वाकर्षणाचे सूत्र लिहिले आणि भरती आणणारा परिणाम अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कसा असतो, त्यामुळे सूर्य एवढा प्रचंड असूनही त्याचा वाटा चंद्राच्या जवळजवळ निम्माच कसा, आणि तिघे एका रेषेत आले की दोन्ही परिणाम कसे एकत्र येतात, हे सांगितले. त्यात एक अक्षर चुकीचे नव्हते. सरांनी आकृती वहीत उतरवून घेतली, वही पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "बरं मॅडम. सांगतो मुलांना."

हे 'बरं' मला चांगले ओळखू येते. बावीस वर्षे मी ते वर्गात ऐकत आले आहे. समोरच्या माणसाला काहीही समजलेले नसते आणि आपल्याला वाईट वाटू नये एवढीच त्याची इच्छा असते, तेव्हा ते उच्चारले जाते.

त्या संध्याकाळी मी तलावपाळीवरून चालत घरी निघाले. ऑगस्टमधली पावसाची उघडीप होती, कट्ट्यावर गर्दी होती, कणसे भाजल्याचा वास येत होता आणि तिथल्या मसुंदा तळ्याच्या पाण्यात कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूचे दिवे लांब ओढल्यासारखे दिसत होते. कठड्याशी उभी राहिले असताना अचानक ते वाक्य पुन्हा ऐकू आले: 'अमावास्येला तर चंद्र नसतोच.' मुलाने बलांविषयी काही विचारलेच नव्हते. त्याच्या समजुतीत चंद्र पंधरा दिवसांत हळूहळू संपतो आणि अमावास्येला आकाशात राहत नाही. पाणी ओढते ते त्याचे दिसणारे, उजळलेले अंग. तो विचारत होता की चंद्र गेला कुठे. त्याला एवढेच सांगायला हवे होते की अमावास्येला चंद्र असतो, अख्खा असतो, दिवसा आपल्या डोक्यावरच असतो, पण सूर्याच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. मी मात्र त्याच्या प्रश्नाच्या दहा पायऱ्या वरून सुरुवात केली होती, आणि सरांना तसेच पायथ्याशी उभे करून परत पाठवले होते. ते आता उद्या वर्गात जाऊन माझी आकृती फळ्यावर काढणार होते आणि तो मुलगाही त्यांना 'बरं' म्हणणार होता.

ही गोष्ट मनातून जाईना, कारण ती एका उत्तरापुरती नव्हती. आमच्या महाविद्यालयाने परिसरातल्या काही शाळांशी सामंजस्य करार केलेले आहेत. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात विस्तारकार्याला आणि इतर संस्थांशी असलेल्या सहकार्याला स्थान असल्यामुळे असे करार आता बहुतेक महाविद्यालयांत आढळतात, आणि त्यात वावगे काही नाही. निमित्त कोणतेही असो, दारे उघडतात हे चांगलेच आहे. आमच्या कराराचा मसुदा मीच लिहिला होता. घरी पोहोचल्यावर मी ती फाईल काढून पुन्हा वाचली. महाविद्यालय शाळांतील शिक्षकांना मार्गदर्शन करील, प्रयोगशाळा उपलब्ध करून देईल, तज्ज्ञांची व्याख्याने आयोजित करील, असे एकामागून एक कलम त्यात होते. शाळेकडून महाविद्यालयाला काय मिळणार आहे, याविषयी एकही ओळ नव्हती. लिहिताना तशी ओळ असायला हवी हे मला सुचलेसुद्धा नव्हते. त्या रात्री हे प्रथमच दिसले, आणि माझ्याच अक्षरातला तो कच्चा मसुदा मला बराच वेळ वाचवेना.

प्रशिक्षणांची शाळांतल्या शिक्षकांना वाण नाही. परिसरातल्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद असते, 'निष्ठा' या केंद्र सरकारच्या प्रशिक्षण कार्यक्रमाचे वर्ग होऊन गेले, बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी वेगळी प्रशिक्षणे असतात, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. तासांची संख्या वाढते आहे. पण हे तास कुठे घालवायचे, कोणाबरोबर घालवायचे आणि त्या तासांत कोण कोणाचे ऐकणार, हे प्रश्न तासांच्या हिशेबात येत नाहीत. चाळीस शिक्षकांना त्यांच्या चाळीस वर्गांपासून दूर आणून एका सभागृहात बसवले, की त्या वर्गांतली मुले, त्यांच्या चुका, त्यांचे विचित्र आणि मौल्यवान प्रश्न, हे सगळे बाहेरच राहते. मग आम्ही जे बोलतो ते कोणालाच उद्देशून नसते.

माझी आत्या कोपरीच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लहानपणी मे महिन्याची सुट्टी मी तिच्याकडे काढत असे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिची तयारी पाहत असे. चिंचोके धुऊन वाळत घातलेले असत. खराट्याच्या काड्या एकसारख्या कापून त्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधायचे काम माझ्याकडे असे; बोटांना त्यांचे कुसळ टोचे. रात्री जेवणानंतर ती जमिनीवर बसून पाठ टाचण लिही. डाव्या बाजूला उद्या काय शिकवायचे ते, आणि उजव्या बाजूला, लाल रेघेपलीकडे, मुले काय म्हणतील ते. 'हातच्याचा एक कुठून आला असे विचारतील.' 'शून्य म्हणजे काहीच नाही, मग ते लिहायचे कशाला असे मागच्या वर्षी विचारले होते.' मी तिला एकदा विचारले होते की मुले काय म्हणणार हे तुला आधीच कसे कळते. ती म्हणाली, "अगं, दरवर्षी मुलं नवी असतात, चुका जुन्याच असतात." ती निवृत्त झाली तेव्हा त्या सगळ्या वह्या रद्दीत गेल्या. तीस वर्षांची ती लाल रेघेपलीकडची नोंद कोणत्याही विद्यापीठात मिळाली नसती, आणि त्यातले एक पानही आज माझ्याजवळ नाही, याचे दुःख मला आत्या गेल्यानंतर जास्त जाणवू लागले.

१९८६ साली ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने याच गोष्टीला नाव दिले. विषयाचे ज्ञान वेगळे, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धतींचे ज्ञान वेगळे, आणि या दोहोंच्या सांध्यावर असलेले, अमुक एक विषय अमुक वयाच्या मुलांना कुठे अडतो आणि तो कोणत्या उदाहरणाने सुटतो याचे ज्ञान तिसरेच, अशी त्याची मांडणी होती. मी ती बऱ्याच उशिरा वाचली आणि वाचताना डोळ्यांपुढे आत्याची वही आली. आणि त्याबरोबर एक अवघडलेपणही आले. शाळेतला शिक्षक डी.एड. किंवा बी.एड. करून येतो. बी.एड. २०१५पासून दोन वर्षांचे झाले आणि त्यातले वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. पाठ घेताना मागे निरीक्षक बसतात, पाठानंतर त्याच्या चुका त्याला सांगितल्या जातात. महाविद्यालयात शिकवायला लागणाऱ्या माझ्यासारखीला एम.एस्सी. आणि नेट-सेटची पात्रता परीक्षा पुरते. नोकरी लागल्यानंतर उद्बोधन वर्ग झाले, उजळणी वर्ग झाले, पण माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून माझे शिकवणे कोणी कधीही पाहिले नाही. म्हणजे ज्याला शिकवायला शिकवले गेले आहे त्याला मार्गदर्शन करण्यासाठी, जिला ते कधीच शिकवले गेले नाही ती मी, तज्ज्ञ म्हणून व्यासपीठावर उभी होते.

गणपती झाल्यावर मी सरांना फोन केला.

"तुमच्या वर्गात येऊन बसले तर चालेल का?" या प्रश्नावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. तपासणीसाठी येणार का, असे त्यांनी अदबीने विचारले. नाही, मला त्या मुलाला भेटायचे आहे, असे मी म्हटले. मुख्याध्यापिकांची परवानगी, आमच्या प्राचार्यांचे पत्र, त्या पत्राची पोच, या सर्वांत तीन आठवडे गेले. मग एका शनिवारी मी रिक्षाने कळव्याचा पूल ओलांडून खाडीच्या बाजूच्या त्या शाळेत गेले. पुलावरून जाताना ओहोटीचा ओला, खारट, किंचित कुजका वास आला. पलीकडे पारसिकचा डोंगर पावसाने धुऊन निघालेला, हिरवागार. शाळेच्या गच्चीवर पत्रे होते, जिन्यात खिचडीचा वास होता आणि सातवीच्या वर्गात बावन्न मुले तीन-तीन करून बाकांवर बसली होती. मी शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या शेजारी जागा करून घेतली. इतक्या वर्षांत एका वर्गाकडे मी मागून प्रथमच पाहत होते. तिथून फळ्यावरचे खालचे दोन हात काहीच दिसत नाहीत, आणि मी नेहमी महत्त्वाची सूत्रे खालीच लिहीत आले आहे, हे मला तिथे बसल्यावर कळले.

सरांनी सुरुवात एका प्रश्नाने केली: अमावास्येला चंद्र कुठे असतो? 'नसतो', 'दुसऱ्या देशात असतो', 'पृथ्वीच्या सावलीत असतो', 'सूर्य त्याला झाकतो', 'ढगात'. सरांनी कोणालाही चूक म्हटले नाही. सगळी उत्तरे फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकापुढे ते मानणारे किती, याचे हात मोजले. 'पृथ्वीच्या सावलीत' याला सर्वांत जास्त हात होते. चंद्राच्या कला आणि ग्रहण यांची ही सरमिसळ माझ्या बी.एस्सी.च्या वर्गातही आहे, याची मी दुसऱ्या आठवड्यात खात्री करून घेतली. शंभरातल्या किती मुलांनी तसे म्हटले हे मी लिहीत नाही, पण त्या दिवसापासून मी पहिल्या वर्षाला खगोलाचा तास वेगळ्या ठिकाणाहून सुरू करते.

मग मला बोलायला सांगितले गेले. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त जोराने ओढतो, मध्याला त्यापेक्षा कमी, पलीकडच्या बाजूला आणखी कमी, म्हणून पाणी दोन्हीकडे फुगते, असे मी शक्य तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितले. पलीकडचे पाणी का फुगते, हे कोणाला पटले नाही. चंद्र ओढतोय तिकडेच सगळे पाणी जायला हवे, असे एक मुलगी ठामपणे म्हणाली. मी पुन्हा फळ्याकडे वळले, तेवढ्यात सर हळूच म्हणाले, "मॅडम, जरा खाली मैदानावर नेऊ का त्यांना?" मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरसबंद जागा. एका मुलाला त्यांनी भिंतीशी चंद्र म्हणून उभे केले आणि त्याच्यासमोर एका ओळीत, हातात हात धरून, तिघांना: पहिला पाणी, मधली पृथ्वी, तिसरा पाणी. शिट्टी वाजली की पहिल्याने चंद्राकडे तीन पावले टाकायची, मधलीने दोन आणि तिसऱ्याने एक. शिट्टी वाजली. तिघेही चंद्राकडेच सरकले, पण हात ताणले गेले आणि मधलीच्या पुढेही जागा पडली, मागेही पडली. क्षणभर कोणी बोलले नाही. मग ती ठाम मुलगी ओरडली, "सर, मागचा मागे राहिला! तो उलटा नाही गेला, तो मागे राहिला!" बावीस वर्षांत मी भरतीचे बल अनेकदा शिकवले आहे, त्यावर विद्यापीठाच्या परीक्षेत प्रश्न काढले आहेत. ते इतक्या स्वच्छपणे माझ्याही डोळ्यांना त्यापूर्वी कधी दिसले नव्हते.

हा खेळ सरांनी कुठे वाचला होता का, असे मी नंतर विचारले. नाही, म्हणाले, तुम्ही 'जास्त, कमी, आणखी कमी' म्हणालात तेव्हा सुचले. हे वाक्य मी त्या संध्याकाळी तारीख घालून लिहून ठेवले आहे. मला जे माहीत होते ते त्यांना माहीत नव्हते, त्यांना जे सुचले ते मला सुचले नसते, आणि दोघे एका वर्गात नसतो तर दोन्ही आपापल्या जागी पडून राहिले असते.

प्रश्न विचारणारा मुलगा त्या दिवशी फारसा बोलला नाही. निघताना फाटकाशी भेटला. त्याचे आजोबा खाडीत जातात. पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत, पण निवट्या, चिंबोऱ्या, कधी बोईट मिळते. त्यांना भरतीची वेळ कशी कळते, असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, "तिथीची पाऊणपट करायची." चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब मी ऐकून होते, पण सातवीच्या मुलाच्या तोंडून, पावसाच्या डबक्यात चप्पल बुडवत सांगितलेला, तो ऐकताना अंगावर काटा आला. वर पुस्ती जोडली ती त्याचीच: "पण ती वेळ समुद्राची. आमच्याकडे पाणी यायला थोडा उशीर लागतो." हे मुलगे-मुली वर्गात 'भरती म्हणजे काय' याची व्याख्या पाठ करत होते आणि त्यांच्यातल्या एकाला भरतीचे वेळापत्रक तोंडी करता येत होते, हे सरांनाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

दिवाळीनंतर आम्ही पायऱ्यांची वही सुरू केली. शाळेचे सातवीचे वर्ग दुपार अधिवेशनात भरतात आणि बरीच मुले विसर्जन घाटावरून येतात. त्या घाटाला बावीस पायऱ्या आहेत. रोज दुपारी बारा वाजता कोरड्या पायऱ्या मोजायच्या आणि तिथीसह वहीत लिहायच्या, पाण्याजवळ जायचे नाही, वरच्या कठड्यावरूनच मोजायचे, अशी योजना सरांनी आणि मी मिळून केली. आलेखाचा कागद मी नेला. पौर्णिमेच्या दिवशी फक्त तीन पायऱ्या कोरड्या होत्या. मग आकडा रोज वाढत गेला आणि अष्टमीला बावीसच्या बावीस उघड्या पडून खाली चिखल दिसला. मुलांनी निष्कर्ष काढला की अष्टमीची भरती अगदी लहान असते. पुस्तकातही अष्टमीला भांगाची भरती असते असेच आहे. सर्वांना आनंद झाला, मलाही झाला, आणि तो आलेख मी आमच्या विभागाच्या फलकावर लावला. चार दिवसांनी तो मुलगा आजोबांचा निरोप घेऊन आला. आजोबांनी वही पाहून म्हटले होते, "अष्टमीला बाराला सुकती असते. भरती बघायची तर सहाला जा."

खरेच होते; सुकती म्हणजे ओहोटी. रोज एकाच वेळी मोजल्यामुळे आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या होत्या: भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते ही एक, आणि भरतीची उंची कमी-जास्त होते ही दुसरी. आमचा आलेख मुख्यत्वे पहिली गोष्ट दाखवत होता आणि आम्ही तिच्यावरून दुसरी सिद्ध झाली असे मानले होते. उत्तर योग्य होते, पुरावा त्याचा नव्हता. मापनातली ही चूक मी प्रथम वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकात समजावून सांगते, आणि ती योजना मीच मान्य केली होती. मी शाळेत जाऊन मुलांपुढे ते तसेच सांगितले. वर्ग अगदी शांत होता. मग कोणीतरी विचारले, "मग आता परत मोजायचं?" पुढच्या अष्टमीला संध्याकाळी सहा वाजता सर, मी, माझे तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी, आठ-दहा मुले आणि त्यांचे पालक घाटावर जमलो. आजोबाही आले होते, बाजूला विडी ओढत उभे. खाडीवर गारवा उतरत होता, लांब पुलावरून गाड्यांचे दिवे जात होते. दहा पायऱ्या कोरड्या राहिल्या. पौर्णिमेला तीन, अष्टमीला दहा: आता ती भांगाची भरती होती. सरांनी त्याच रात्री पाऊणपटीचा हिशेब गणिताच्या तासात कसा घ्यायचा याचे टाचण लिहिले आणि मला छायाचित्र पाठवले. त्यात एक लाल रेघ होती. माझी आत्या त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

या काळात मी इतरांनी केलेले पुष्कळ वाचले. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांतून १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे बसत, मासिक बैठकांत शिक्षक आपले अनुभव मांडत आणि त्यांवरून पाठ पुन्हा लिहिले जात. तीस वर्षे ते चालले. २००२ साली शासनाने ते थांबवले. आपल्याकडेही, मुंबईत मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४पासून शाळांतील विज्ञानावर काम करत आले आहे. आणि त्याही आधी याच ठाणे जिल्ह्यात, ज्यातून २०१४ साली पालघर वेगळा झाला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मी हे शाळेत असताना धड्यासारखे वाचले होते. कळव्याच्या पुलावरून तिसऱ्यांदा जाताना ते मला वेगळ्या अर्थाने आठवले: चालत कोणी जायचे, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला होता.

हे सर्व सुरळीत चालले, असे मात्र मी म्हणणार नाही. दर महिन्याचा दुसरा शनिवार ठरला होता. सहा महिन्यांत तो चार वेळाच साधला. एकदा सर मतदार याद्यांच्या कामात होते, एकदा माझ्याकडे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. आमच्याकडे वेळापत्रक विभागांत वाटलेले असते. भरती भौतिकशास्त्राची की भूगोलाची, यावर दोन सहकाऱ्यांत मतभेद झाले, आणि सरांना मात्र आधी गणित, मग विज्ञान, मग भूगोल, त्यांनंतर पोषण आहाराची नोंद, हे सगळे एकट्याने करायचे असते. शेजारच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या एक बाई दोनदा आल्या, तिसऱ्यांदा त्यांना सोडण्यात आले नाही. माझ्या वार्षिक अहवालात या शनिवारांसाठी रकाना सापडेना. कार्यशाळा असती तर उपस्थितांची संख्या लिहिता आली असती. मला हे लिहिताना राग येतो, आणि त्या रागाखाली एक भीतीही आहे. सरांची बदली झाली तर? माझी निवृत्ती जवळ आली तर? दोन माणसांच्या ओळखीवर उभे असलेले काम त्या दोघांबरोबर संपते, म्हणूनच तर करार लागतात, हे मला आता पूर्वीपेक्षा अधिक पटते. या वर्षीच्या करारात मी एक कलम घातले आहे: महाविद्यालयातील अध्यापक वर्षातून किमान सहा वेळा शाळेच्या वर्गात मागच्या बाकावर बसतील, आणि शाळेतील शिक्षक तितक्याच वेळा महाविद्यालयाच्या वर्गात बसून तिथल्या शिकवण्यावर आपले मत लेखी देतील. दुसऱ्या भागाला समितीत विरोध झाला. मी तो खोडू दिला नाही.

पहिले मत सरांनीच दिले. माझ्या प्रथम वर्षाच्या तासाला ते मागे बसले होते, तीच कापडी पिशवी मांडीवर घेऊन. अर्ध्या पानावर त्यांनी बारीक अक्षरात लिहिले: 'मॅडमचे ज्ञान फार मोठे आहे. प्रश्न विचारल्यावर मॅडम उत्तरासाठी थांबत नाहीत. तीनपर्यंत मोजावे.' मी आता मोजते. तीन ही फार मोठी संख्या आहे.

माघी अमावास्येला दुपारी ते मला फोनवर म्हणाले, "मुलांनी आज किती पायऱ्या कोरड्या राहतील ते आधीच लिहून ठेवलंय. येताय?" तास नव्हता, मी गेले. सव्वाबाराच्या सुमारास पाणी चढत होते, तपकिरी, फेसाच्या रेघा घेऊन, खालून एकेक पायरी आवाज न करता घेत. उन्हात डोळ्यांवर हात धरून मुले मोजत होती. कोणीतरी सूर्याकडे बोट करून दुसऱ्याला सांगत होते की चंद्र आत्ता तिथेच आहे, दिसत नाही एवढेच, आणि सर त्याला सूर्याकडे बघू नकोस म्हणून दटावत होते. पाणी चौथ्या पायरीवर थांबल्यासारखे झाले, मग तिच्यावरून गेले. तिसरी. वहीत बहुतेकांनी तीनच लिहिले होते.

तो मुलगा माझ्याशेजारी कठड्याला टेकून उभा होता. पाण्याकडे पाहतच त्याने विचारले, "मॅडम, मग तलावपाळीच्या तळ्याला का नाही येत भरती? चंद्र तर त्याच्यावर पण असतो."

मी तोंड उघडले. सरांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी एक, दोन, तीन मोजले.

"येत नाही हे तुला कोणी सांगितलं?" सर त्याला म्हणाले. "तळ्यालाही पायऱ्या आहेत. सोमवारी वही घेऊन ये."